खांदा-दंडाचं ऑपरेशन: जायच्या आधी तारीख लिहा

आधार, मेडिक्लेमचं कार्ड, जुने रिपोर्ट हे सगळेच नेतात, ते सांगत बसत नाही. पहिलं काम म्हणजे लागलं कधी ती तारीख लिहून काढा. मोबाईलवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, कुठंबी. धाकट्याच्या वेळी आमच्याकडनं नेमकं हेच राहिलं, डॉक्टरांनी विचारलं आणि आम्ही तिथंच जोतिबाच्या यात्रेआधी का नंतर यावर वाद घालत बसलो.

तारीख कशाला, तर काय तुटलंय त्यावर मुदत ठरती. वजन उचलताना नाहीतर डाव मारताना कोपरापाशी फाटकन आवाज आला, दंडातला गोळा वर सरकला, कोपराच्या वळीत काळंनिळं झालं, तर बायसेप्सची दोरी (दंडाचा स्नायू हाडाला बांधणारी, टेंडन) तुटलेली असू शकती. ती जोडायची ठरली तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोडलेली बरी, नंतर टोक वर ओढलं जाऊन तिथंच चिकटतंय आणि मग कधीकधी दुसरीकडची दोरी घेऊन जोडायची पाळी येती. बेंच प्रेसला छातीचा स्नायू काखेपाशी तुटला तरी तीच घाई. पडून रोटेटर कफ (खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या दोऱ्या) फाटला, हात वर जाईना, तर थोडा जास्त वेळ मिळतोय, पण म्हणून महिनेच्या महिने घालवू नका, स्नायू वाळतोय, त्यात चरबी भरती.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून तेल लावून चोळत बसू नका, दोरी एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफी नाहीतर एमआरआय लागतोय. त्या फाईलवर पण लागल्याची तारीख घाला. परत सांगतोय, लागल्याची, दाखवायला गेल्याची नव्हे.

खांदा निखळला तर तालमीत कुणाला ओढून बसवू देऊ नका, सरळ दवाखाना. पोरगं विशीच्या आतलं आणि कुस्ती-फुटबॉलवालं असलं तर परत निखळायची भीती जास्त, म्हणून ऑपरेशनचं विचाराच, पण ते बऱ्याचदा सीझन बघून ठरवता येतंय. आणि खांदा कडक झाला असला तर उलट आधी फिजिओकडं मोकळा करून घ्यायला सांगतात.

डॉक्टरला पहिला प्रश्न हाच: ह्या तारखेपासनं कधीपर्यंत करायला पायजे? कॅशलेसचा अर्ज त्याच दिवशी टाका, मंजुरीत दिवस जातात. रक्त पातळ व्हायची गोळी असली तर सांगा.

बाकी उपाशीपोटी जाणं, सह्या, स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी). बटनाचा शर्ट, टेकून झोपायला उशा, फिजिओची वेळ आधीच. ऑपरेशननंतर लगेच गाडी चालवायची नाही. कुस्तीच्या मॅटवर पाच-सहा महिने तरी नाही, वस्ताद काय बी म्हणूदेत.