दारूने कधी काही भलं केलंय का? हिशोब मांडायची पद्धत

हा हिशोब तोंडी होत नाही. एक वही, एक मापाचा ग्लास आणि साधारण दोन महिने लागतात. पिणाऱ्याला विचारलं तर तो दोस्ती, गप्पा, हलकं झालेलं मन सांगेल. घरच्यांना विचारलं तर भलतीच यादी निघेल. दोघंही आठवणीतून बोलतात, आणि दारूच्या बाबतीत आठवण हा फार कच्चा साक्षीदार.

सुरुवातीलाच एक अट. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, घोट घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, किंवा पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती, भास झाले होते, असं असेल तर खाली दिलेली ‘तीस दिवस बंद’ची पायरी स्वतःच्या मनाने करायची नाही. रोज भरपूर पिण्याला सरावलेल्या शरीराची दारू एकदम तोडली की ६ ते २४ तासांत त्रास सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, ताप, कमालीची अस्वस्थता अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देऊन करायचं असतं. मन खंबीर असून इथे उपयोग नाही.

आपण कुठे आहोत याची शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी सोडवा. गुण ० ते ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या बाजूला झुकलंय. वीस किंवा जास्त आले तर आधी डॉक्टर, मग वही.

पेग मोजू नका, ग्रॅम मोजा

‘दोनच घेतले’ या वाक्याला काही अर्थ नसतो. घरी हाताने ओतलेला पेग बहुतेक वेळा ६० मिलीच्या वरच जातो. एकदा नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखं ओता आणि ते मापाच्या ग्लासात रिकामं करून बघा. बहुतेकांचा पहिला धक्का इथेच बसतो.

सूत्र सोपं आहे: मिली × टक्के ÷ १०० × ०.७८९ = शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ४० टक्क्यांच्या दारूचे ६० मिली म्हणजे १९ ग्रॅम. पाच टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे जवळपास २० ग्रॅम, आणि तीच बिअर आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ असेल तर ३२ ग्रॅम. तेरा टक्क्यांची १५० मिली वाइन १५ ग्रॅमच्या आसपास. थोडक्यात, ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा दोन स्ट्राँग बिअरमध्ये तीन मोठ्या पेगांच्या पुढे गेलेला असतो.

शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. लिंबू, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री ९ ते १२ मध्ये ६० मिलीचे चार पेग घेतले तर ७६ ग्रॅम होतात. वेगाने निचरा झाला तरी पहाटेचे साडेचार वाजतात, आणि सावकाश झाला तर सकाळचे पावणेआठ. ‘झोपून उठलो, उतरली’ असं समजून गाडीची किल्ली उचलणारे इथेच फसतात.

चांगल्याची यादी

आता वहीत दारूमुळे घडलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टी लिहा. कंजूषी नको, आठवतील तेवढ्या लिहा. नियम एकच: प्रसंग लिहायचा. ‘मजा येते’, ‘टेन्शन जातं’ असली नोंद बाद.

‘बसलो होतो तेव्हा जुनं भांडण मिटलं’ ही कच्ची नोंद. तीच पक्की केली की अशी दिसते: ‘शनिवार. तिघे. ९ ला पहिला, ९:४० ला दुसरा. दहाच्या सुमारास मीच विषय काढला, माफी मागितली. तो म्हणाला, सोड रे. साडेअकराला चौथा. तोच विषय पुन्हा निघाला, आवाज चढले. रविवारी दुपारी फोन केला. त्याला माफी आठवते, भांडणही आठवतं. मला भांडण आठवत नाही.’

अशी नोंद झाली की तिला तीन चाळण्या लावायच्या.

पहिली चाळणी वेळेची. चांगलं घडलं ते कितव्या पेगाला? वरच्या नोंदीत माफी दुसऱ्याच्या आसपास आहे आणि बिघाड चौथ्यानंतर. हा नमुना इतक्या वह्यांमध्ये निघतो की तो गृहीतच धरावा: जमेची बाजू पहिल्या वीस-तीस ग्रॅममध्ये संपते, त्यापुढचं सगळं खर्चाच्या बाजूला पडतं. तरीही माणूस पुढे ओततो, कारण पहिल्या पेगाची झिंग चौथ्यात शोधत असतो.

दुसरी श्रेयाची. भांडण दारूने मिटलं, की तिघं जण मोबाइल बाजूला ठेवून तीन तास समोरासमोर बसले म्हणून? अपेक्षेचा जोर किती असतो ते १९७३ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. काहींना दारू सांगून नुसतं टॉनिक वॉटर दिलं, काहींना उलट. किती प्यायले हे ग्लासात काय होतं यावर ठरलं नाही, ग्लासात दारू आहे असं वाटण्यावर ठरलं. त्या प्रयोगात दारूचं व्यसन असलेली माणसंही होती.

तिसरी साक्षीदाराची. समोरचाही हे चांगलंच म्हणतो का? दुसऱ्या दिवशी दुपारी, शुद्धीवर, त्यालाच विचारायचं. तुम्ही सांगितलेला तुफान विनोद त्याला आठवतोय का, आणि आठवत असेल तर कसा, हे ऐकण्यासारखं असतं.

जे श्रेय खरंच द्यावं लागतं

चाळून काहीच उरत नाही असं नाही. ‘दारूने कुणाचं भलं झालंय?’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांची इथे अडचण होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२० अनोळखी लोकांना तिघातिघांत बसवलं होतं. ज्या गटांना दारू दिली, ते जास्त मनापासून हसले, जास्त जुळले, बोलणंही सगळ्यांत जास्त समान वाटलं गेलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात थोड्या चढलेल्या पुरुषांनी शब्दांची कोडी जास्त आणि लवकर सोडवली, पण त्यांची लक्ष ताब्यात ठेवण्याची क्षमता घसरली होती. म्हणजे कल्पना सुचायला उपयोग, हिशोब तपासायला नाही. २०१७ मध्ये डच शिकणाऱ्या जर्मन लोकांना थोडी दारू दिली, तर ऐकणाऱ्यांना त्यांचे उच्चार सुधारलेले वाटले. या सगळ्यांत मात्रा मोजून दिलेली होती, कालावधी थोड्याच वेळाचा.

एक श्रेय तर निर्विवाद आहे. मिथेनॉल, म्हणजे विषारी दारूत सापडणारं अल्कोहोल, पोटात गेलेल्या रुग्णाला रुग्णालयात इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलंच अल्कोहोल, देतात. यकृतातलं एकच विकर (एन्झाइम) दोन्हींवर काम करतं, पण ते इथेनॉलला आधी धरतं. त्यामुळे मिथेनॉलपासून डोळे घालवणारं फॉर्मिक आम्ल बनणं लांबतं. (फोमेपिझोल हे औषध असेल तर ते पसंत करतात.) हे घरी बाटली पाजून होत नाही. रक्तातलं प्रमाण मोजत मात्रा ठरवावी लागते, बऱ्याचदा डायलिसिसही लागतं. शंका आली की थेट रुग्णालय.

जे श्रेय खोडायचं

‘थोडी हृदयाला चांगली.’ जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांपेक्षा थोडं पिणारे निरोगी दिसत. पण १९८८ मध्येच ब्रिटनमधल्या पुरुषांच्या अभ्यासाने दाखवलं, की ‘न पिणाऱ्यां’च्या रांगेत आजारी पडून दारू सोडलेलेही उभे होते. २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाख लोकांच्या अभ्यासात जनुकांच्या आधाराने तपासलं, तेव्हा थोड्या दारूने पक्षाघात टळतो हा समज टिकला नाही, उलट प्रमाणाबरोबर धोका वाढत गेला. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर दारूला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्याबद्दल खात्री आहे अशा कारणांत, टाकलं. वहीत ‘तब्येतीसाठी’ असं काही लिहिलं असेल तर त्यावर रेघ मारा.

‘झोप छान लागते.’ लागते लवकर, टिकत नाही. रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबते. दारू उतरायला लागली की झोप तुटते, पहाटे तीन-चारला डोळे उघडतात, छाती धडधडते. हे कारण आणि दुसऱ्या दिवसाची चिडचिड यांचा संबंध बहुतेकांना वही लिहीपर्यंत लागतच नाही.

पुढची नोंद

पहिले चार आठवडे नेहमीसारखं प्या आणि लिहा. रकाने सहा पुरेत: तारीख, कोण होतं, का घेतली, ग्रॅम, त्या रात्रीचा शेरा, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराचा शेरा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त रिकामा राहणारा. फोनवर बाराचा गजर लावा. ‘का घेतली’मध्ये ‘सहज’ लिहायचं नाही. कंटाळा, राग, आग्रह, सवय, साजरं करणं, असं काहीतरी नेमकं लिहा. लिहायला लागल्यावर पिणं आपोआप थोडं कमी होतं. त्याने हिशोब बिघडत नाही, चालू द्या.

मग तीस दिवस पूर्ण बंद, पण भेटीगाठी चालू. इथे बहुतेक जण चुकतात. दारूबरोबर दोस्तांनाही सोडतात, महिनाभर एकटे बसतात आणि ‘दारूशिवाय आयुष्य बेचव’ असा निकाल देतात. बैठकीला जायचं, हातात सोडा-लिंबूचा भरलेला ग्लास ठेवायचा. रिकाम्या हातालाच आग्रह होतो. ‘सोडली’ म्हटलं की वाद सुरू होतो. ‘आज नाही घेत’ एवढंच म्हणा. आणि साडेदहाला उठा, कारण त्यानंतरच्या गप्पा शुद्धीवर ऐकण्यासारख्या क्वचितच असतात.

पहिला आठवडा फसवा. झोप आणखी बिघडू शकते, गोड खावंसं वाटतं, संध्याकाळचे दोन तास अंगावर येतात. त्यावरून निष्कर्ष काढू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या नोंदी खऱ्या. आकड्यांत बघायचं असेल तर बंद करण्याआधी आणि शेवटी रक्तातलं जीजीटी, म्हणजे यकृताची तब्येत सांगणारं एक विकर, तपासा. पिण्यामुळे वाढलेलं असेल तर ते साधारण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं.

आता यादी पुन्हा काढा. यातलं या महिन्यात दारूशिवाय काय घडलं? जे घडलं ते दारूच्या खात्यातून काढून माणसांच्या खात्यात टाका. जे घडलंच नाही, उदाहरणार्थ अनोळखी लोकांत तोंड उघडणं, ते दारूच्या नावावर राहू द्या. समोर ग्रॅम आणि दुपारी बाराचा शेरा लिहा.

एकतिसाव्या दिवशी घ्यायची ठरली तर जुन्या मापाने घेऊ नका. महिन्याभरात शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीइतकेच पेग आता जास्त चढतात. ३० मिली मोजून ओता, बाटली उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीचा बाराचा गजर तसाच राहू द्या.