परदेशातून आलेली टायटॅनियमची फ्रेम: पार्ट चढवण्याआधी पारखा

गंजत नाही म्हणून सायकलसाठी टायटॅनियमची फ्रेम घ्यायची, असं बरेच जण ठरवतात. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत नीट रंगवलेली स्टीलची फ्रेमही वर्षानुवर्षं टिकते, तेव्हा केवळ गंजाच्या धास्तीने लाखाच्या घरातली रक्कम घालू नका. टायटॅनियमचं मोल वेगळं आहे. त्याची घनता घन सेंटिमीटरला 4.5 ग्रॅम, स्टीलची 7.8, वजन एवढं कमी असूनही हा धातू ताकदीला कमी पडत नाही आणि लाखो हिसके खाऊनही सहसा थकत नाही. मात्र हे सगळं वेल्ड चांगला असेल तरच. फ्रेमला तडा जातो तो बहुतेक वेळा वेल्डच्या काठाला.

मागवण्याआधी विकणाऱ्याला नळीचा ग्रेड विचारा. सायकलसाठी ग्रेड 9, म्हणजे 3 टक्के ॲल्युमिनियम आणि 2.5 टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू, हा रुळलेला आणि भरवशाचा. ग्रेड 2 जवळपास शुद्ध टायटॅनियम; तो सुमारे 275 मेगापास्कल (ताणाचं माप) इतक्या ताणाला कायमचा वाकू लागतो, तर सायकलच्या नळ्यांसाठी थंड ओढून काढलेला ग्रेड 9 सुमारे 725 पर्यंत तग धरतो. ‘फक्त टायटॅनियम’ एवढंच उत्तर आलं तर तिथेच थांबा. ग्रेड 5 त्याहून ताकदवान, पण त्याची बिनजोड नळी ओढणं अवघड असल्याने कित्येकदा पत्रा गुंडाळून, लांबीत जोड देऊन नळी करतात. म्हणून आकडा ऐकून भुलू नका. चीनमधल्या बाओजी शहराभोवती टायटॅनियमचा मोठा उद्योग आहे आणि तिकडच्या धातूला नावं ठेवण्याचं कारण नाही. फरक पडतो तो जोडणाऱ्याच्या हातामुळे. पॉलिश करण्यापूर्वीच्या वेल्डचे फोटो मागा. चांगला कारागीर ते आनंदाने पाठवतो.

खोका उघडताना व्हिडिओ काढा, जमिनीवर चादर अंथरा आणि फ्रेम तिच्यावर ठेवा. काहीही जोडू नका. माझ्या पहिल्या फ्रेमला मी त्याच संध्याकाळी सगळे पार्ट चढवले, आणि मग दिसलं की मागचं चाक डाव्या बाजूला चार मिलिमीटर सरकून बसतंय. ‘वापरलेली फ्रेम परत घेत नाही’ असं उत्तर आलं. ती चूक मला अजून सलते, म्हणून हा क्रम इतक्या आग्रहाने सांगतोय.

आता वेल्ड. इथे घाई करू नका, दिवसाच्या उजेडात भिंग घेऊन बसा. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणून आर्गन वायूचं आवरण बाहेरून हवं, नळीच्या आतूनही हवं, आणि वेल्ड निवेपर्यंत हवं. ते अपुरं पडलं की धातू रंगातून सांगतो. चांदीसारखा किंवा फिका गवती रंग उत्तम. गडद सोनेरी चालतो. जांभळा, निळा दिसला की शंका घ्या. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर फ्रेम परत. काही फ्रेमना शोभेसाठी निळा-जांभळा रंग देतात, तो वेगळा: तो ठरवलेल्या भागावर सारखा पसरलेला असतो, जोडाला धरून नसतो.

बाहेरचा रंग ब्रशने किंवा ॲसिडने घालवता येतो. आतला घालवणं कठीण. म्हणून मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा सीट ट्यूब (सीटखालची नळी), हेड ट्यूब (हँडलखालची पुढची आखूड नळी) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) यांमधून आत घाला. आतल्या वेल्डची पाठ काळपट, खरबरीत किंवा रंगीबेरंगी दिसली तर बाहेरच्या चकाकीला अर्थ नाही. मला विचाराल तर सगळ्या तपासण्यांत ही एक कधीच सोडू नये. बाहेरून वेल्डच्या खवल्यांची रुंदी सारखी हवी, आणि वेल्ड जिथे नळीला मिळतो तिथे खाच नको. नखाने अडखळेल अशी खाचसुद्धा पुढे तड्याची सुरुवात ठरू शकते.

मग सरळपणा. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर व्हर्नियरने मोजा. फरक मिलिमीटरच्या आत हवा. ड्रॉपआउटमधलं अंतरही मोजा, थ्रू-ॲक्सलच्या (आरपार जाणाऱ्या आसाच्या) रोड फ्रेमला बहुधा 142 मिलिमीटर असतं. मग समोर उभे राहून एक डोळा मिटा: हेड ट्यूब आणि सीट ट्यूब एका रेषेत दिसल्या पाहिजेत.

बॉटम ब्रॅकेटचा कप (बेअरिंग धरणारी आट्यांची कडी) हाताने चार-पाच आटे सहज फिरला पाहिजे. बीएसए या प्रचलित मापाच्या आट्यात उजवी बाजू उलट्या आट्याची असते, हे विसरून जोर लावू नका. टायटॅनियमचे आटे कोरडे बसवले तर जाम होतात, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावाच. सीटपोस्ट (सीटचा दांडा) एक वीतभर आत सरकवताना अडकता किंवा डुगडुगता कामा नये. वजनाचा काटा आणि लोहचुंबक यांनी फार कळत नाही. चुंबक चिकटला तर ती फ्रेम टायटॅनियमची नाही, एवढंच.

पहिले दोनशे किलोमीटर झाले की फ्रेम ओल्या फडक्याने पुसा आणि डाउन ट्यूबचे (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटपर्यंतच्या नळीचे) दोन्ही टोकांचे जोड, चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतच्या नळ्या) आणि सीट ट्यूबच्या वरच्या चिरेचा शेवट भिंगाने बघा. केसासारखी रेष दिसली तर चालवणं तिथल्या तिथे बंद करा, रेषेच्या दोन्ही टोकांना पेनाने खूण करून फोटो काढा आणि विकणाऱ्याला पाठवा. एमआयडीसीतल्या स्टेनलेसचं आर्गन वेल्डिंग करणाऱ्याकडे ती सांधून घेऊ नका. त्याच्या कामात खोट नसते, पण नळीच्या आत आर्गन भरायची सोय त्याच्याकडे नसेल तर नवा जोड पहिल्यापेक्षा ठिसूळ होईल.