विडी सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं? या चुका टाळा

पायोरियात, म्हणजे दाताभोवतीच्या हिरड्या-हाडाच्या आजारात, सगळ्यात फसवं काही असेल तर ते रक्त. निकोटीनमुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्या फिकट, घट्ट दिसतात आणि ब्रशला रक्त लागत नाही. आत मात्र दाताभोवतीचं हाड झिजत असतं. विडी सुटली की काही आठवड्यांत रक्तपुरवठा सुधारतो, हिरड्या लालसर होतात, चूळ भरताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसतं. 'सोडली म्हणून बिघडलं' असं वाटून पुन्हा पेटवणारे इथेच सापडतात. बिघाड आधीपासूनच होता, आता तो दिसू लागला एवढंच.

रक्त आलं म्हणून ब्रश बंद करणं ही त्याची जोडचूक. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा, हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवा, दातांच्या फटीत इंटरडेंटल ब्रश वापरा. दोन आठवड्यांनीही रक्त थांबलं नाही तर दाखवायला जा.

विडीऐवजी मशेरी? ती भाजलेली तंबाखूच, आणि थेट हिरडीवर चोळलेली. माव्याचंही तेच.

निकोटीनचं च्युइंगम साध्या च्युइंगमसारखं चावत बसलात तर निकोटीन पोटात जातं, मग उचकी, मळमळ, जळजळ. बरोबर रीत अशी: तिखट झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा, या खेपेला दुसऱ्या बाजूला ठेवा. एक गोळी साधारण अर्धा तास पुरते. दुखऱ्या हिरडीजवळ ठेवू नका. चहा-कॉफी किंवा लिंबूपाणी पिऊन लगेच घेतली तर निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही. आधी 15 मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत काही पिऊ नका. यंत्रमागावर चहाच्या सुट्टीतच तलफ येते, त्यामुळे ही चूक हमखास होते. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर 2 मिग्रॅ निकोटीनची गोळी अपुरी पडू शकते. 4 मिग्रॅबद्दल डॉक्टरांना विचारा. तलफेचा जोर पहिले दोन-तीन दिवस जास्त असतो. 1800-11-2356 या मोफत क्विटलाइनवर समुपदेशन मिळतं.

सोडायची तारीख ठरवताना सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस टाळा. मित्रांच्या घोळक्यात पहिला आठवडा निभणं अवघड. डॉक्टरांकडे दात साफ करायच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी सोडलेली बरी.

'किटण काढलं की दात हलतात' हा समज सोलापुरातही पक्का आहे. हाड आधीच गेलेलं असतं, दगडासारख्या किटणाने दात जखडून ठेवलेला असतो. ते निघून सूज उतरली की फटी दिसतात, माठाचं पाणीही झिणझिणतं. ही ठणक बहुधा काही आठवड्यांत कमी होते. खोल सफाईनंतर दोन-चार दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाजूला ठेवा. चटणीचा कण हिरडीत रुतला की त्रास होतो. भाकरी हवीच असेल तर दुधात पूर्ण भिजवून घ्या.

किती विड्या ओढता हे डॉक्टरांपासून लपवू नका, त्यावर उपचाराचा अंदाज ठरतो. हिरडीचा खिसा, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली, 1 ते 3 मिमी असेल तर ठीक. 4 मिमीपासून पुढे लक्ष द्यावं लागतं. ओढत राहणाऱ्याचे खिसे सफाईनंतरही कमी भरून येतात. म्हणून साधारण तीन महिन्यांनी होणारी फेरमोजणी चुकवू नका. मधुमेह असेल तर साखरेचा रिपोर्टही सोबत न्या.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश महिनोन्‌महिने वापरलं तर दात तपकिरी होतात आणि दोष विडीवर जातो. डॉक्टरांनी दिलं तेवढेच दिवस, बहुधा दोन आठवडे, वापरा. पेस्टने घासल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा असर उतरतो.

दात काढावाच लागला तर निदान 72 तास झुरका नको. ओढण्याने खड्ड्यातली रक्ताची गाठ निघाली की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत कळ जाते.