आखाजीला पोरं यायच्या आत आबांचा मोबाईल नीट करून ठेवा

पोरांच्या ऑनलाईन सेफ्टीबद्दल जे काही वाचायला मिळतं ना ते सगळं असं धरून चालतं की पोराकडे स्वतःचा टॅब आहे, वेगळं अकाउंट आहे आणि आईबाप दोघं शेजारी बसून लक्ष ठेवताहेत. आपल्याकडे जळगाव धुळ्याच्या खेड्यात पाच सहा वर्षांच्या पोराच्या हातात असतो तो आबांचा मोबाईल. त्याच मोबाईलवर कापसाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, त्यावरच आबा कीर्तन ऐकतात, आणि लाईट गेली की ओट्यावर त्यालाच चार मामेभाऊ आतेभाऊ चिकटलेले असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की तर विचारूच नका, बाया झोक्यावर नाहीतर सांजोऱ्या करण्यात, आणि पोरं मोबाईलमध्ये.

म्हणून पोरांना शिकवणं नंतर, आधी घरातल्या मोठ्यांचा मोबाईल हातात घ्या. दुपारी जेवणं झाली की बसा, फार वेळ लागत नाही.

पहिली गोष्ट पिन. बऱ्याच घरात स्क्रीन लॉक ०००० नाहीतर १२३४ असतो आणि तोच यूपीआयचाही असतो. वर आबाच नातवाला सांगतात, "बाबू, दुकानवालाले पन्नास रुप्या धाडी दे." म्हणजे दुसरीतलं पोरगं घरची बँक चालवतंय. कौतुकाने सांगतात लोक हे, पण ते बंद करा. यूपीआयचा पिन बदला, स्क्रीन लॉकपेक्षा वेगळा ठेवा, आबांना आकडे लक्षात राहत नसतील तर आजीला पाठ करून द्या, आजीच्या बरोबर लक्षात राहतं. आणि पोराला एक वाक्य घोकवून घ्या की पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे जाताना लागतो. उद्या कोणी फोनवर "पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील" म्हणालं तर नातूच आबांना अडवेल. मग प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या फोटोवर टच करा, सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागायला लावा, नाहीतर गेममधले हिरे आणि नाणी आबांच्या पैशातून येतात.

व्हॉट्सॲपवर लग्नाच्या सीझनमध्ये पत्रिका म्हणून फाईल येते आणि शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ती पत्रिका नसते, ती उघडली की मोबाईलमध्ये भलतंच ॲप बसतं आणि मेसेज, ओटीपी सगळं दुसऱ्याच्या हातात. चलान म्हणून येते, सरकारी योजनेची यादी म्हणूनही येते. मोठे लोक तरी एकदा विचार करतात, पोरांना दिसलं की दाबायचं एवढंच माहीत. सेटिंगमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सॲप आणि क्रोम दोन्हीला बंद करून टाका.

आता मोबाईल पोराच्या हातात देण्याची पद्धत. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची, म्हणजे एकच ॲप स्क्रीनवर अडकवून ठेवायची सोय असते, सेटिंगमध्ये सिक्युरिटीत सापडते, काही फोनमध्ये स्क्रीन पिनिंग नाव असतं. ती चालू करा आणि अनपिन करताना पिन विचारण्याचं बटणही चालू करा. मग जे ॲप दाखवायचं ते पिन करून फोन द्या, पोरगं त्यातून बाहेर पडू शकत नाही, ना फोनपे ना गॅलरी. मला विचाराल तर सगळ्यात कामाची सोय हीच, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलीही हीच.

यूट्यूबचं जरा सविस्तर सांगते. पोराला वाचता येत नसलं तरी माईकचं चिन्ह बरोबर माहीत असतं, त्यात तोंड घालून जेसीबी म्हणतं आणि जेसीबी लागतो. मग ऑटोप्ले. जेसीबीवरून ट्रॅक्टर पलटी, तिथून खरेखुरे अपघात, तिथून मारामाऱ्या, आणि पोरगं गप्प बसलंय म्हणून आपण खूश. पाच वर्षांच्या पोराने काहीही वाईट शोधलेलं नसतं, ते आपोआप पुढे सरकत जातं. तर लहानांसाठी यूट्यूब किड्स टाका, त्यात वयाचे गट आहेत, चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. सर्च बंद करा म्हणजे माईकचा विषयच संपला. अजून कडक पाहिजे तर फक्त तुम्ही मान्य केलेलेच व्हिडिओ दिसतील असंही करता येतं, टायमरही आहे. एक गंमत, सेटिंगमध्ये शिरताना ते ॲप मोठ्यांची खात्री म्हणून गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेल्या पोराला तो काय अडवणार! म्हणून तिथे स्वतःचा पासकोड टाका. आणि साधं यूट्यूब आबांसाठी ठेवायचंच असेल तर निदान ऑटोप्ले बंद आणि मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारा रिस्ट्रिक्टेड मोड चालू, कीर्तनाला काही फरक पडत नाही.

किती वेळ दाखवायचं हा वाद घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. बाळाला घास भरवताना मोबाईल लावणाऱ्या आत्या मावश्यांना हे ऐकवा, मी ऐकवून थकले.

सात आठ वर्षांपुढे गेम येतात आणि गेममध्ये गप्पा येतात. समोरचा "मी पण चौथीत आहे" म्हणतो, तो चौथीत असेल किंवा चाळिशीतला असेल, कळायला मार्ग नाही. आधी गेममधली वस्तू फुकट देतो, मग शाळा विचारतो, मग व्हॉट्सॲप नंबर, मग फोटो, आणि मग म्हणतो घरी सांगू नको. हा क्रम पोराला गोष्टीसारखा सांगा. लांबलचक भाषण देऊ नका, ते ऐकत नाहीत. आमच्याकडे आजीने अहिराणीत एकच नियम करून दिलाय, "मायले नको सांगजो असं जो सांगी, त्यानं नाव पहिले मायलेच सांगानं." पोरं तो चिडवाचिडवीत म्हणतात, म्हणू द्या, लक्षात राहतो ना. गेममधली चॅट बंद करता येत असेल तर करा, आणि हेही सांगून ठेवा की आमच्याकडे आलास तर मोबाईल काढून घेणार नाही. हे वचन पाळा बरं का, एकदा मोडलं की पोरगं पुन्हा काही सांगत नाही. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हीला वयाची अट १३ वर्षं आहे, "सगळेच वापरतात" म्हणून तिसरीतल्या पोरीचं अकाउंट खोटी जन्मतारीख टाकून उघडून देऊ नका, मोठ्यांसाठीचं सगळं मग तिला दिसायला लागतं.

आपण मोठेही कमी नाही. वाढदिवसाचं स्टेटस, त्यात युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, खाली शाळेचं नाव. स्टेटसच्या प्रायव्हसीत जाऊन एकदा बघा कोणाकोणाला दिसतंय, दूधवाला, ठिबकवाला, केळीचा व्यापारी, ज्याचे ज्याचे नंबर सेव्ह आहेत आणि ज्यांनी तुमचा केलाय ते सगळे. आंघोळीचे, उघड्या बाळाचे फोटो फॅमिली ग्रुपवरही नकोच, ग्रुपमध्ये कोण कोणाचा मेहुणा आहे ते आपल्याला तरी कुठे माहीत असतं.

एवढं करूनही काही झालंच तर पोरावर ओरडू नका आणि घाईत चॅट डिलीट करू नका. नंबर, प्रोफाईल, मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पण पोराचा घाणेरडा फोटो कोणी मागून घेतला असेल तर तो "बघा काय झालं" म्हणून काका मामांना पाठवू नका, असा फोटो फॉरवर्ड करणं हाच गुन्हा आहे, फोन तसाच्या तसा पोलिसांना दाखवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवायची शक्यता जास्त. पोराला त्रास असेल तर १०९८, मुलांसाठीच्या हेल्पलाईनचा नंबर, रात्री पण लागतो. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते.

लोक काय म्हणतील म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण गप्प बसतात, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, काय आहे ते माहीत असू द्या. मुलाची ओळख पेपरात छापता येत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला जिथे बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसांनी युनिफॉर्म घालून यायचं नाही, शक्यतो महिला अधिकारी, आणि आई किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसणार. चौकीत "उद्या या" म्हणाले तर हे शांतपणे सांगा, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घेतल्याशिवाय उठू नका.