पानगळी जास्वंद: काठ्या दिसल्या म्हणून उपटू नका

जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो तिथे आपली नेहमीची लाल जास्वंद बाहेर टिकत नाही, पण तिच्याच कुळातली ही पानगळी जास्वंद, म्हणजे हिबिस्कस सिरियॅकस, उणे 20 अंशांची थंडीसुद्धा आरामात काढते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये तिला सिरियाचं नाव देऊन टाकलं खरं, मूळ मात्र चीनकडचं, आणि कोरियात तर तिला मुगुंगह्वा म्हणतात आणि ते त्यांचं मानाचं फूल.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. ही झाडं फार उशिरा जागी होतात. वसंतात बाकी सगळी बाग हिरवी झालेली असते आणि ही नुसत्या करड्या काठ्या घेऊन उभी, मग लोक मेली म्हणून उपटून टाकतात. मला खरंच वाईट वाटतं कारण त्यातली बरीच जिवंत असतात. नखाने फांदीची साल अगदी थोडी खरवडून बघा, आतून ओलसर हिरवं दिसलं की झाड ठणठणीत आहे, थांबा. तपकिरी, कोरडं निघालं तर अजून खाली, खोडाजवळ खरवडा, कारण कधीकधी फक्त शेंडेच गेलेले असतात.

जागा निवडताना दिवसाला निदान सहा तास ऊन हवं, सावलीत पानं भरपूर येतील पण फुलं नाहीत. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद घ्या, खोल मात्र कुंडीएवढाच, खोड मातीत गाडू नका. झाड वाढून दोन ते तीन मीटर होतं, म्हणून दोन झाडांत दीड-दोन मीटर तरी सोडा. पाणी साचलं की मुळं कुजतात, निचरा बघूनच लावा. पहिलं वर्षभर आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत जाईल असं भरपूर पाणी द्या, रोज वरवर शिंपडू नका, आणि आळ्यात पालापाचोळा पसरा पण खोडाला चिकटू देऊ नका. उन्हाळ्यात माती वाळली की कळ्या न उमलताच गळतात.

छाटणीची वेळ चुकवू नका. फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून हिवाळा संपता संपता, पालवी फुटायच्या आधी कापायचं. मागच्या वर्षीच्या फांदीवर दोन-तीन डोळे (नवी फूट येते त्या गाठी) ठेवून कापलं तर फुलं मोठी येतात पण थोडी कमी, मी स्वतः एवढं कापत नाही, मला झाड भरलेलं आवडतं. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं पण नव्या कळ्या शरदापर्यंत येत राहतात.

कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आणि फुलं संपली की बोंडं तडकायच्या आत कापून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी झाडाखाली रोपांचं गवतासारखं रान माजतं.