डायकर हाइट्सची नाताळची रोषणाई: निघण्याआधीची तयारी

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या दक्षिण भागात डायकर हाइट्स नावाची वस्ती आहे. दर डिसेंबरला तिथली घरं दिव्यांनी मढवली जातात, आणि हे सगळं घरमालक स्वतःच्या खर्चानं करतात. १९८०च्या दशकात ८४व्या स्ट्रीटवरच्या एका बाईंनी दिवंगत आईच्या आठवणीत घर सजवायला घेतलं, हळूहळू शेजारीपाजारी त्यात आले, आणि आता आजूबाजूच्या गल्ल्याही उजळतात. इथे तिकीट नाही, प्रवेशद्वार नाही, माहिती द्यायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून न्यू जर्सीहून किंवा मॅनहॅटनमधून मुलाबाळांसह, आजी-आजोबांना घेऊन निघायचं तर तयारी घरूनच करून निघा.

आधी दिवस ठरवा, कारण निम्मं काम तिथेच होतं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर माळा लागायला सुरुवात होते, पण पहिल्या आठवड्यात बरीच घरं अर्धवट असतात. १० डिसेंबरनंतरचा सोमवार ते गुरुवार यांतला कुठलाही दिवस उत्तम. नाताळाआधीचे शुक्रवार, शनिवार आणि रविवार टाळा. पुण्यात गणपतीचे देखावे बघायला शेवटच्या शनिवारी जशी गर्दी लोटते तशी ती इथे लोटते, आणि बाबागाडी पुढे सरकत नाही. हवामानही बघा. पाऊस असेल तर पाणी शिरलेल्या जोडणीमुळे बाहेरच्या प्लगचं सुरक्षा-बटण आपोआप पडतं आणि अख्खं घर अंधारात जातं. जोराचा वारा असेल तर हवा भरलेले मोठे सांता आणि हिममानव मालक स्वतःच बंद करतात, मग अंगणात नुसती कापडं पडलेली दिसतात. कोरडा, वारा नसलेला दिवस मिळाला तर थंडी थोडी जास्त असली तरी चालेल.

डिसेंबरच्या मध्यात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि पाचच्या आसपास बहुतेक दिवे लागतात. साडेपाचला पोचायचं ठेवा. रात्री नऊनंतर घरं एकेक करून विझू लागतात, त्यामुळे जेवून सावकाश निघू म्हणणाऱ्यांची निराशा होते.

जायचं कसं? गाडीनं नको. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून गोथल्स ब्रिज, स्टॅटन आयलंड आणि व्हेराझानो ब्रिज हा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, पूल उतरला की वस्ती जवळच आहे. पण शेवटच्या मैलभरात गाड्या मुंगीच्या पावलानं चालतात आणि पार्किंग मिळत नाही. टोलही दोन्ही पुलांवर पडतो, व्हेराझानोवर तर परतताना पुन्हा. गाडी आणावीच लागली तर ती ८६व्या स्ट्रीटवर सातव्या ॲव्हेन्यूजवळच्या डायकर बीच गोल्फ कोर्सच्या बाजूला कुठेतरी लावा आणि पुढे चाला. कुणाच्या ड्राइव्हवेसमोर दोन मिनिटंही थांबू नका. अग्निशमनाच्या नळापासून दोन्ही बाजूंना १५ फूट जागा मोकळी सोडावी लागते. तिथे कडेला रंग मारलेला नसतो, त्यामुळे नवखी माणसं हमखास फसतात आणि दंड भरतात.

ट्रेनचा रस्ता सोपा आहे. न्यू जर्सीहून पाथ ट्रेननं मॅनहॅटनच्या ३३व्या स्ट्रीटला उतरा, किंवा एनजे ट्रान्झिटच्या (न्यू जर्सीच्या) लोकलनं पेन स्टेशनला येऊन एक ॲव्हेन्यू चाला. दोन्हीकडून ३४ स्ट्रीट-हेराल्ड स्क्वेअर गाठता येतं. तिथून कोनी आयलंडकडे जाणारी सबवेची डी ट्रेन घ्या आणि ७९ स्ट्रीटला उतरा. साधारण पाऊण तास धरा. इथे एक घोटाळा नेहमी होतो. एन ट्रेनही कोनी आयलंडलाच जाते, त्याच स्टेशनवरून सुटते, आणि पाटी वाचून माणसं तिच्यात चढतात. तिचा मार्ग मात्र वेगळा आहे. चुकून चढलात तर घाबरू नका, न्यू युट्रेक्ट ॲव्हेन्यूला उतरा, त्याच स्टेशनच्या दुसऱ्या भागातून डी मिळते. निघण्याआधी सबवे चालवणाऱ्या एमटीएचं वेळापत्रक बघाच, शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्ग बदलतात. भाड्यासाठी बँकेचं कार्ड किंवा फोन टॅप केला की पुरे. ४४ इंचांपर्यंत उंचीची मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात.

७९ स्ट्रीटचं स्टेशन उंचावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही. गुडघे दुखणारे आजोबा किंवा जड बाबागाडी सोबत असेल तर ३६ स्ट्रीटला डी सोडा. त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला आर ट्रेन येते, जिना चढावा लागत नाही. आरनं ८६ स्ट्रीटला उतरा, तिथे लिफ्ट आहे. वर रस्त्यावर बी-१ बस मिळते, ती ८६व्या स्ट्रीटनंच पूर्वेला जाते. तिच्यावर मॅनहॅटन बीच लिहिलेलं असतं, पण तो ब्रुकलिनचाच किनारा आहे, तेव्हा खुशाल चढा. ट्रेनचंच कार्ड पुन्हा टॅप करा. दोन तासांच्या आत बसचे वेगळे पैसे पडत नाहीत.

पत्ता टाकताना ब्रुकलिन हा शब्द आणि ११२२८ हा झिप कोड विसरू नका, नाहीतर नकाशा तुम्हाला मॅनहॅटनच्या ८४व्या स्ट्रीटवर नेऊन सोडेल. आकड्यांची खूण एकदा कळली की नकाशाही लागत नाही. स्ट्रीटवरच्या घराच्या नंबरातले पहिले दोन आकडे ॲव्हेन्यू सांगतात: ८४व्या स्ट्रीटवर अकराशेच्या घरातला नंबर दिसला की तुम्ही अकराव्या आणि बाराव्या ॲव्हेन्यूच्या मधे आहात. ७९ स्ट्रीट स्टेशनवरून चालताना ॲव्हेन्यूचे आकडे उतरत आणि स्ट्रीटचे चढत गेले पाहिजेत. उलटं होत असेल तर मागे फिरा. पंधरा-वीस मिनिटांत तेरावी ॲव्हेन्यू येते.

बघण्याचा गाभा ८३ ते ८६ स्ट्रीट आणि अकरावी ते तेरावी ॲव्हेन्यू एवढाच आहे. ८३व्या स्ट्रीटनं तेराव्याकडून अकराव्याकडे जा, ८४व्यानं परत या, मग ८५व्यानं पुन्हा अकराव्याकडे. असं नागमोडी फिरलं की एकही गल्ली दोनदा होत नाही. गर्दीत थांबत थांबत दीड ते दोन तास लागतात. वेळ कमी असेल तर ८४वी स्ट्रीट, अकरावी ते बारावी, एवढं तरी सोडू नका. सर्वांत दाट सजावट तिथे आहे. चुकामूक झाली तर भेटायला ८४वी स्ट्रीट आणि बारावी ॲव्हेन्यूचा कोपरा आधीच ठरवून ठेवा, आणि मुलांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी घाला.

थंडीचा अंदाज इथेच चुकतो. तापमान शून्याच्या आसपास असतं, आणि आपण भरभर चालत नसतो, उभे असतो, त्यामुळे अंग तापत नाही. आत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. मोजे लोकरीचे, सुती नकोत, कारण ओले झाले की पाय गारठतात. हात गरम ठेवणारी पाकिटं मिळतात, ती पोचायच्या वीस मिनिटं आधी फोडा. आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली की ती तापते. हवाबंद पिशवीत कोंबली तर थंडच राहते. ती थेट त्वचेवर मात्र लावू नका.

फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. फ्लॅश बंद करा, सर्वांत उजळ दिव्यावर बोट टेकवा आणि उजेड खाली ओढा, म्हणजे माळांचे रंग पांढरे फटक होत नाहीत. भारतातून आणलेल्या फोनच्या व्हिडिओत दिवे लुकलुकत असतील किंवा काळे पट्टे सरकत असतील, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ आहे का बघा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तेवढा आकडा बदलला की बहुतेक वेळा चित्र स्थिर होतं.

सार्वजनिक स्वच्छतागृह या गल्ल्यांत नाही. ट्रेनमध्ये चढण्याआधीच सोय करून घ्या, नाहीतर तेराव्या ॲव्हेन्यूवर किंवा ८६व्या स्ट्रीटवर काहीतरी खायला बसा आणि तिथे विचारा. हा भाग मूळचा इटालियन वळणाचा, पिझ्झा आणि कॅनोली (गोड सारण भरलेल्या कुरकुरीत नळ्या) आवर्जून खाण्यासारखे. शाकाहारी असाल तर हॉट चॉकलेटवरचे मार्शमेलो नको म्हणून सांगा, त्यात जिलेटिन असतं. घरून थर्मासमध्ये चहा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या न्याव्यात, मुलं त्यावर तासभर खूश राहतात. सोबत एक आणि पाच डॉलरच्या थोड्या नोटा ठेवा. काही घरांपुढे मदतपेटी असते.

आणि ही राहती घरं आहेत. पदपथ सोडून हिरवळीवर जाऊ नका, गवतात वायरी टाकलेल्या असतात आणि एका पायानं अख्खी माळ उपटली जाते. फोटोसाठी कुणाच्या पायऱ्यांवर बसायचं नाही, कचरा पिशवीतून परत आणायचा. मालक दारात उभे दिसले तर जरूर नमस्कार करा, छान झालंय म्हणा.

परतताना तिथून टॅक्सी मागवू नका, ती त्याच कोंडीत अडकते आणि भाडंही चढतं. चालत ७९ स्ट्रीटला या, नॉरवूड-२०५ स्ट्रीट लिहिलेली डी पकडा. एनजे ट्रान्झिटच्या रात्रीच्या गाड्यांची वेळ बघूनच साडेआठला पाय काढा.