डिझेल की इलेक्ट्रिक? आधी काट्यावर ठेवा

जुन्या मॉडेल विमानातलं डिझेल इंजिन ठेवावं की मोटर बसवावी, हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठरवा.

१. इंजिन, भरलेली टाकी आणि पंखा एकत्र तोला.
२. मग मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट), बॅटरी आणि मोटरचा पंखा. वजन तेवढंच किंवा कमी भरलं तर मोटर खुशाल बसवा.
३. मोटर बहुधा इंजिनपेक्षा हलकी असते, म्हणून बॅटरी नाकाकडे सरकवा. गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे समतोल राहतं तो बिंदू, आराखड्यातल्या खुणेवरच यायला हवा.

डिझेलच्या इंधनात रॉकेल आणि एरंडेलासोबत ईथर लागतंच. ते सहज मिळत नसेल तर निवडीचा प्रश्नच मिटला. शिवाय विमानाच्या बाल्सा लाकडावरचा तेलकट थर पुसत बसावं लागत नाही, हे माझ्या मते मोटरचं खरं सुख.

बॅटरी जोडून मोटर तपासताना पंखा मात्र काढून ठेवा. ती अचानक फिरू शकते.